रात्री दीडचे गुरुजी

घाटावर असो की घाटाखाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही केंद्रात दहा-बारा शाळा असतात, आणि त्या सगळ्या शाळांना मिळून एक गुरुजी असे असतात की ज्यांचा मोबाइल कायम चार्जरला टांगलेला. कागदोपत्री हे इतरांसारखेच सहायक शिक्षक. गटसाधन केंद्रातल्या बोलण्यात मात्र ते 'तंत्रस्नेही शिक्षक'. या पदाला भत्ता नाही, आदेश नाही, रजा तर नाहीच. प्रशिक्षण एकदा झालं होतं. ते यांनीच दिलं होतं.

२०१५ पर्यंत गुरुजी सुखी होते. अक्षर वळणदार, म्हणून केंद्रातल्या सगळ्या प्रमाणपत्रांवर नावं घालायची आणि पंधरा ऑगस्टला फळ्यावर झेंडा काढायचा, एवढीच त्यांची ख्याती. त्या वर्षी राज्यात 'सरल' आलं. शाळेची, शिक्षकांची आणि एकेका विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरा, असा हुकूम सुटला. बैठकीत कुणीतरी विचारलं, "कॉम्प्युटर कोणाले येते?" मेहुण्याचा लॅपटॉप सुटीपुरता घरी आलेला होता, तेवढ्या भांडवलावर गुरुजींनी हात वर केला. तो अजून खाली आलेला नाही.

सरलच्या त्या पहिल्या हंगामात महाराष्ट्रातले मास्तर एक गोष्ट शिकले. दिवसा सगळे माहिती भरतात म्हणून सर्व्हर बसतो. म्हणून सगळे रात्री भरतात. म्हणून तो रात्रीही बसतो. गुरुजींनी बरीच जागरणं करून रात्री दीड ते साडेतीन हा मुहूर्त शोधून काढला आणि फक्त जवळच्या दोघांना सांगितला. आठवडाभरात तो तालुक्याला कळला आणि गुरुजींना पहाटे चारवर जावं लागलं. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी, पिकं, राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. "एकोणिसावं धान्य सर्व्हरच्या नावानं ठेवा ना बाप्पा," असं गुरुजी दर वर्षी म्हणतात, आणि ते विनोदानं म्हणतात असं मला वाटत नाही.

पण सर्व्हर हा या विद्येचा सोपा भाग. तो बसला की निदान सगळ्यांचा एकदम बसतो. अवघड आहे ते पोर्टलांचे स्वभाव ओळखणं. सरलपाठोपाठ रांग लागली. कागदी प्रपत्रावर सुखानं नांदणारं शाळांच्या माहितीचं यू-डायस 'प्लस' झालं. पोषण आहाराची रोजची नोंद, प्रशिक्षणांचं दीक्षा, बदल्यांचं वेगळं, २०२३च्या अखेरीस हजेरीचा चॅटबॉट, मग पोरांच्या ओळख क्रमांकाचं अपार. जणू प्रत्येक वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या गावी बसून, एकमेकांशी अबोला धरून बनवलेलं. कोणतं कुठलं ते मी सांगत नाही. ज्यांनी भरलंय ते ओळखतील. एकात 'सेव्ह'चं बटण हिरवं, खाली उजवीकडे. दुसऱ्यात त्याच जागी, त्याच हिरव्या रंगात 'रीसेट'. तिसऱ्यात सेव्हनंतर 'अपडेट' करायचं, मग 'फायनलाइज', आणि यातलं शेवटचं राहिलं तर आधीचं काहीच झालेलं नसतं. चौथ्यात सगळं नीट झालं की लालभडक अक्षरांत 'सक्सेसफुल' येतं आणि नव्या मॅडम घाबरून फोन करतात. एकाला तारखेत तिरपी रेघ लागते, दुसऱ्याला आडवी. एकाचं कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडतं. सहा वर्षांच्या पोराच्या जन्मापर्यंत मागं जायला बाण बहात्तर वेळा दाबावा लागतो, आणि एकाहत्तराव्या वेळी सेशन संपतं. वरच्या सालावर बोट ठेवलं की सालांची यादी उघडते, हे गुरुजींना माहीत आहे. ते पोर्टलवर कुठं लिहिलेलं नाही. तोंडी परंपरेनं चालत आलेलं आहे.

ही परंपरा बहुतेक रात्री फोनवर चालते.

"सर, झोपले का?"

"नाही, बोला मॅडम."

"थे नुसतं गोल गोल फिरून रायलं."

"फिरू द्या. हात नका लावू. रिफ्रेश तर मारूच नका."

"मारलं ना सर."

इथं गुरुजी थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. मॅडमनाही कळतं की आपल्या हातून काय झालं. "मंग आता पयल्यापासून. सगळ्या खिडक्या बंद करा. थे काळंवालं उघडा." काळंवालं म्हणजे इन्कॉग्निटो. कॅश साफ करण्याला ते 'झाडून घेणं' म्हणतात. हे सगळं करताना स्वतःचा लॅपटॉप ते उघडतही नाहीत. डोळे मिटून पडल्या पडल्या सांगतात, "आता उजवीकडं तीन रेघा असतील. नाहीत? मंग पान पूर्ण उघडलं नाही. थांबा." पान खरंच पूर्ण उघडलेलं नसतं.

घरातली माणसंही तयार झाली आहेत. कॅप्चा आला की तो एकट्यानं सोडवायचा नाही, हा नियम. "हा शून्य आहे की ओ?" यावर रात्री मतदान होतं. मुलगा म्हणतो शून्य, बायको म्हणते ओ, आणि शेवटी तो इंग्रजी क्यू निघतो.

ओटीपीची गोष्ट वेगळी आणि जरा करुण आहे. शाळेचं खातं उघडताना त्या वेळच्या मुख्याध्यापकांचा नंबर दिलेला. ते निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेले. नंबर बदलायचा तर त्यासाठी ओटीपी लागतो, तो जुन्याच नंबरवर जातो. अशी किती सिमकार्डं निवृत्त मुख्याध्यापक शाळेच्या मायेपोटी रिचार्ज करत असतील! रात्री दीडला गुरुजी फोन लावतात. "सर, नमस्कार. एक ओटीपी आला असंन." पलीकडून चष्मा शोधल्याचे आवाज येतात. मग सहा अंक सावकाश, मास्तरी ठेक्यात, एकेक करून वाचले जातात. तेवढ्यात मुदत संपते. "आता दुसरा येईन सर." "येऊ दे रे बाप्पा. मले तसंबी झोप कुठी हाय! शाळेच्या पत्र्यांचं काय झालं, सांग." आणि पत्र्यांचं काय झालं, हे सांगण्यात दुसऱ्या ओटीपीचीही मुदत जाते.

पासवर्डांची एक वही आहे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. मोठं अक्षर, लहान अक्षर, अंक आणि एक चिन्ह असा पासवर्ड असावा आणि तो कुणाला सांगू नये, असं प्रत्येक पोर्टल बजावतं. वही केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजी गावाला गेले की ती शाळेच्या खिचडीच्या सामानाच्या खोलीत ठेवतात. किल्ली पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडं असते.

गुरुजी खरे कातावतात ते नावांपाशी. शेगाव जवळ, त्यामुळं या भागात गजानन पुष्कळ. मराठीत तो एकच असतो. इंग्रजीत त्याला कधी शेवटी डी लागतो, कधी मधला ए पडतो. इंगळ्यांच्या पोराच्या आधार कार्डावर जी आणि एलच्या मधे ए आहे, शाळेच्या जनरल रजिस्टरवरून भरलेल्या नावात नाही. पोर्टल म्हणतं, जुळत नाही. पोरगा पहिल्या बाकावर बसलेला असतो, हजेरी देतो, खिचडी दोनदा मागून घेतो, पण पोर्टलवर तो 'इनव्हॅलिड'. ही थट्टा नव्हे. संच मान्यतेत, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, आधार जुळलेलीच पोरं मोजायची असा दंडक आला; एका चुकलेल्या एपायी एखादा मास्तर अतिरिक्त ठरू शकतो. एकेका लेकराच्या नावावर बारा अंकी आधार, अकरा अंकी पेन (म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक), बारा अंकी अपार, शिवाय सरलचा आणि रजिस्टरचा असे नंबर आहेत. शाळेचा यू-डायसही अकरा अंकी, आपल्या जिल्ह्यात २७०४नं सुरू होणारा. गुरुजींना शाळा गावाच्या नावानं आठवत नाहीत, शेवटच्या आकड्यांनी आठवतात. पहिलीतलं ते पोरगं मात्र अजून वीसपर्यंत मोजायला शिकतंय, आणि त्याला शिकवणारे गुरुजी फोनवर आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या कलम २७नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून मास्तरांना शिकवण्याबाहेरच्या कामाला जुंपायला मनाई केली आहे. ऑनलाइन माहिती त्यात मोडत नाही, कारण ती शाळेचीच माहिती! व्हॉट्सअॅपवर सकाळी 'अतितातडीचे' येतं, दुपारी प्रलंबित शाळांची यादी येते, सायंकाळी 'निरंक असल्यास निरंक भरा' येतं. निरंकही भरावाच लागतो आणि तो भरायचं पान सगळ्यात हळू उघडतं. मधल्या सुटीत गुरुजींच्या वर्गातली पोरं शाळा-शाळा खेळतात, तेव्हा गुरुजी झालेलं पोरगं हातात खडू धरत नाही. कानाला पाटी लावून "सबमिट झालं काय?" म्हणतं.

तरी गुरुजींना विचारा, हे सोडून द्यायचं का? ते गडबडतात. बैठकीत साहेब बाकीच्यांना शाळेच्या नावानं हाक मारतात, यांना "सर, जरा इकडं या" म्हणतात. वळणदार अक्षरानं एवढा मान कधी मिळाला नव्हता. उद्या एखादं पोर्टल धड, मराठीत, एका बटणाचं निघालं तर रात्री दीडला यांना कोण उठवणार?

गेल्या हंगामात तालुक्याला नव्या अॅपचं प्रशिक्षण होतं. सगळी पोर्टलं एकत्र करणारं अॅप, असं सांगण्यात आलं. वरून आलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावर माहिती भरून दाखवली, 'ओके' दाबलं आणि गोल फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, पान कोरं झालं. त्यांनी पुन्हा भरलं, पुन्हा कोरं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली, आणि मागच्या रांगेतून आवाज आला :

"साहेब, ओके नका दाबू. थे बाजूचं कॅन्सल हाय ना, थे दाबा."

"अहो, कॅन्सल कसं?"

"दाबून तर पाहा."

साहेबांनी घाबरत घाबरत कॅन्सल दाबलं. माहिती जतन झाली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या, चहा आला, आणि चहाच्या गर्दीत साहेबांनी गुरुजींना बाजूला घेऊन हळूच त्यांचा मोबाइल नंबर लिहून घेतला. रात्री किती वाजेपर्यंत लावलेला चालेल, तेही विचारलं.