७१ टक्क्यांचा आहेर

बेंगळुरूत मेट्रोचं भाडं कमी झालं. किती कमी झालं? तर ७१ टक्क्यांनी वाढलं.

यात न समजण्यासारखं काही नाही. ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी नवी भाडी लागू झाली. ६० रुपयांचं कमाल भाडं ९० वर गेलं आणि मधल्या काही टप्प्यांवर तर दुपटीच्याही पुढे उडी बसली. सोमवारी ऑफिसला निघालेल्या लोकांनी गेटावर कार्ड टेकवलं आणि आकडा बघून बोंब मारली. बोंब वरपर्यंत पोचली. आठवडा उलटायच्या आत फेरविचार झाला आणि १४ तारखेपासून प्रवाशांना दिलासा मिळाला: वाढ कुठेही ७१ टक्क्यांच्या पलीकडे जाणार नाही. लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. दुप्पट द्यायची तयारी झालेल्या माणसाला पावणेदोनपट मागितलं की त्याला दोन पैसे वाचल्याचाच आनंद होतो.

माझं मन मात्र त्या ७१ पाशी अडकलं ते अडकलंच. सत्तर का नाही? पाऊणशे का नाही? पंचाहत्तर टक्के म्हटलं असतं तर निदान पाऊणपट म्हणून लक्षात तरी राहिलं असतं. गणित जाणणारे सांगतात, ३५ चे ६० केले की बरोबर ७१ टक्के आणि वर किरकोळ होतात. होतात, मान्य. पण मग मर्यादा आधी ठरली आणि भाडी तिच्यात बसवली, की भाडी आधी लिहिली आणि त्यातली सगळ्यात मोठी वाढ शोधून तिलाच मर्यादा म्हटलं? दुसरं खरं असेल तर ही मर्यादा कधीच कुणाला मोडता येणार नाही. अशी शिस्त मलाही पाळता येईल.

शेवटी उलगडा झाला. ७० टक्के ही मूळ रक्कम आहे. वरचा एक शकुनाचा.

आपल्याकडे शून्यावर संपणारी रक्कम कुणी पाकिटात घालत नाही. पन्नासाचे एक्कावन्न होतात, शंभराचे एकशे एक होतात, आणि ज्यांच्या खिशात सुटा रुपया नसतो त्यांच्यासाठी पाकिटावरच नाणं चिकटवून मिळतं. भाडेवाढीसारखं मंगलकार्य, आठ वर्षांनी घरात आलेलं, २०१७ नंतर पहिलंच. तिथे कोरडे ७० टक्के घ्यायचे म्हणजे अपशकुनच. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं रीतीप्रमाणे चाललेलं दिसतं. आमंत्रण आधीच गेलेलं आहे: ‘गाडी घरी ठेवा, मेट्रोने या.’ त्यावर ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ छापायची राहिली, किंवा जागा पुरली नाही. मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन बसणारे काका हल्ली निवृत्त झालेत, त्यांच्या जागी फाटक आलं आहे. काका निदान मान वर करून ‘कुणाकडून लिहू?’ असं विचारत, फाटक तेवढंही विचारत नाही. उलट त्याची अट अशी की कार्डात किमान ९० रुपये असल्याशिवाय आत सोडणार नाही. जायचं दहा रुपयांच्या टप्प्याला असलं तरी पाकीट नव्वदाचं दाखवा, मग आत या. एवढी कडक तपासणी वरपक्षसुद्धा करत नाही. आणि वरपक्षावरून आठवलं, या कार्यात रुसवाफुगवाही रीतसर झाला. लोक रुसले, त्यांची समजूत काढली, आणि समजूत काढल्यावर रुसलेल्यांनीच पैसे दिले.

परतीचा आहेरही आहे बरं का. स्मार्ट कार्डाने गेलात तर पाच टक्के सवलत. नव्वदावर पाच टक्के म्हणजे साडेचार रुपये. कमी गर्दीच्या वेळी गेलात तर आणखी पाच टक्के. ही कमी गर्दीची वेळ कोणती? सकाळी आठच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे ज्याला साहेब नाही, हजेरी नाही, शाळेतून आणायची मुलं नाहीत आणि घरी वाट बघणारं कुणी नाही, अशा माणसाला नऊ रुपये वाचवता येतात. असा माणूस मेट्रोने कुठे जात असेल, हा प्रश्न वेगळा.

आता जरा वहीतल्या नोंदी बघू. माझी आत्येबहीण आणि तिचा नवरा कडुगोडीला राहतात. तिथे घर घेतलं तेव्हा दोघांची ऑफिसं जवळ होती. आता दोघांचीही म्हैसूर रोडच्या बाजूला गेली. घर उचलून नेता येत नाही. शहराची जांभळी मार्गिका कडुगोडीपासून चल्लघट्टपर्यंत साडेत्रेचाळीस किलोमीटर जाते, त्यामुळे दोघांच्या नशिबी थेट गाडी आली. २५ किलोमीटरच्या पुढे सरसकट ९० रुपये. दोघांचे जाऊन-येऊन ३६०. घर ते स्टेशन रिक्षा केली तर ऑगस्ट २०२५ पासून मीटरचे किमान ३६ रुपये, तेही मीटर पडलं तर. उलट दोघं एका स्कूटरवर बसली तर साठ-पासष्ट किलोमीटरला दीड लिटर पेट्रोल. शंभराच्या वरचा भाव धरूनही दीडशेच्या आसपास. म्हणजे दररोज दोनशे रुपये दंड भरून ही दोघं शहराची हवा स्वच्छ ठेवतात, रस्ता मोकळा ठेवतात. बदल्यात त्यांना दर फेरीला माणशी साडेचार रुपये परत मिळतात.

‘मग बसने जा ना,’ मी म्हटलं. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमध्ये बायकांना भाडं नाही. योजना चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

‘दादा, माझं आधार पुण्याचं आहे,’ ती म्हणाली.

हे मी स्वतः बघितलंय. कंडक्टर पुढच्या सीटवरच्या बाईला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. मग हिचं कार्ड हातात घेतो, उलटं करतो, मागचा पत्ता वाचतो आणि तितक्याच शांतपणे पैशांसाठी हात पुढे करतो. त्याचं काही चुकत नाही, सवलत राज्यातल्या रहिवाशांना आहे. ‘मग पत्ता बदलून घे,’ असा सल्ला मी दिला. तिचा नवरा म्हणाला, ‘भाड्याच्या घरात होतो तेव्हा मालक करारनामा देत नव्हता, स्वतःचं घर झालं तर वेळ नाही. आणि बसने तिथवर जायला लागणारा वेळ दादा तुम्ही धरलात का?’ मी धरला नव्हता. फुकट बसचं खरं भाडं सिग्नलवर वसूल होतं. पुरुषांनी तर नावच काढू नये, कारण मेट्रोच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२५ मध्ये बसचं भाडंही १५ टक्क्यांनी वाढलं होतं. पंधरा ही रक्कम शकुनाची कशी चालली, कळत नाही.

आता शेजारपाजारच्या कार्यांत काय पडतं ते पाहू. दिल्लीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये वाढ झाली आणि ३२ किलोमीटरच्या पुढे कितीही लांब गेलात तरी ६० चे ६४ झाले. मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर ७० रुपयांत नेते, तेही समुद्राच्या भरावाखालून आणि जगातल्या महागड्या जमिनींखालून. पुण्यात कमाल भाडं ३५, अर्थात पुण्यात याहून जास्त कुणी दिलं नसतं. आणि चर्चगेट ते विरार, साठ किलोमीटर, लोकलचा दुसरा वर्ग, १५ रुपये.

हां, माहीत आहे. लोकलचा आकडा काढला की लगेच कुणीतरी खाकरतं. लोकल तोट्यात चालते, तिथे माणसं लोंबकळतात, मेट्रोला एसी आहे, कर्जं आहेत, कर्जांचे हप्ते आहेत, आठ वर्षं भाडं वाढलंच नव्हतं, वीज महागली, पगार वाढले. सगळं मान्य. आठ वर्षांत थोडं थोडं वाढवलं असतं तर कुणी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं. आता म्हणे तीही सोय करायची आहे, दरवर्षी पाच टक्क्यांपर्यंत आपोआप वाढ व्हावी, अशी शिफारसच कागदावर आहे. आपोआप पगारवाढीची शिफारस कुठल्या कागदावर आहे, तेवढं कळवा.

पण हप्त्यांचा हिशेब फक्त डब्यात उभ्या असलेल्या माणसाकडेच का मागता? याच शहरात हेब्बाळपासून सिल्क बोर्डापर्यंत मोटारींसाठी जमिनीखालून बोगदा काढायचा घाट घातला आहे. सोळा-सतरा किलोमीटर लांब, अंदाज सतरा हजार कोटींच्या पुढचा. एका मोटारीत एक माणूस, बाकीच्या जागांवर त्याची लॅपटॉपची बॅग आणि हवा. त्याच्या सोयीसाठी हजारो कोटी काढताना कुणाला तोटा आठवत नाही, टोल घेऊ म्हणतात आणि विषय संपतो. उड्डाणपूल बांधला की तो विकास. फूटपाथ खोदून पार्किंग केलं की तीही सोय. आणि सकाळी पावणेनऊला मॅजेस्टिकला गाडी बदलताना जिन्यावर खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस, जो रस्त्यावरची जागा अडवत नाही, धूर सोडत नाही, हॉर्न वाजवत नाही, त्याला मात्र ‘वापरता ना, मग भरा!’ अरे, तो वापरतोय म्हणूनच तुमची मोटार सिल्क बोर्डाला इंचभर तरी सरकते आहे! उपकार त्याचे आहेत. वसुली मोटारवाल्याकडून करून त्याला गेटावर गुलाबपाणी शिंपडायला हवं होतं.

भाडेवाढीनंतर काही काळ प्रवासी घटले. मग १० ऑगस्ट २०२५ ला पिवळी मार्गिका आली, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र. सुरुवातीला तीनच गाड्या, म्हणून दर २५ मिनिटांनी एक. तरी दुसऱ्याच दिवशी सगळ्या मार्गिका मिळून दहा लाखांच्या पुढे लोक बसले. तेव्हापासून नवा युक्तिवाद कानावर येतो: बघा, गर्दी आहे, म्हणजे भाडं परवडतं. होसूर रोडवर तासन्‌तास सडलेल्या माणसाला गाडी दिसली आणि तो धावला, यातून त्याला परवडतं हे कसं सिद्ध झालं? तहानलेल्याने वीस रुपयांची बाटली चाळीसला घेतली, की त्याची ऐपत मोजायची नसते.

आणि एवढं सगळं सोसूनही रोजच्या माणसाला महिन्याचा पास म्हणून काही नाही. विरारचा माणूस पास काढतो आणि महिनाभर भाडं हा शब्द विसरतो. पास म्हणजे नुसती सवलत नसते. तू रोज येणार आहेस हे आम्हाला ठाऊक आहे, असं शहराने माणसाला सांगितलेलं असतं. बेंगळुरूत पास आहेत, नाही असं नाही. एक दिवसाचा आहे, तीन दिवसांचा आहे, पाच दिवसांचा आहे. २०२६ च्या जानेवारीपासून ते मोबाइलवरही मिळतात: २५०, ५५० आणि ८५० रुपये. लालबाग बघायचं, कब्बन पार्कात फोटो काढायचे, एम. जी. रोडवर खरेदी करायची आणि पाचव्या दिवशी आपल्या गावी परत जायचं, अशांसाठी अगदी बेताची मुदत. ज्याला परत जायचं नाही, ज्याचं घर, हप्ता, कर आणि केस गळणंही इथेच आहे, त्याच्यासाठी काही सुचलेलं नाही.

आत्येबहिणीने हिशेब केला. तिचे स्मार्ट कार्डाने पाच दिवसांचे जाऊन-येऊन ८५५ होतात. पाच दिवसांचा पास ८५० ला. पाच रुपये वाचतात. म्हणून आता ती दर सोमवारी मोबाइलवर पास काढते आणि शुक्रवारपर्यंत शहर बघायला आलेल्या पाहुण्यासारखी ऑफिसला जाते. सुटीमुळे आठवडा चार दिवसांचा झाला की पाहुणचार तोट्यात जातो. नवऱ्याने स्कूटरचं सर्व्हिसिंग करून घेतलंय.