पाठीचे खरेदीखत

देहावर माणसाची मालकी कितपत, या प्रश्नाचा निकाल वेदान्त्यांनी फार पूर्वीच लावला असला, तरी तोच दावा दिवाणी स्वरूपात फेरदाखल करण्याचे श्रेय टिम स्टायनर या स्विस गृहस्थांना द्यावे लागेल. विम डेलव्होय या बेल्जियन कलावंताने, डुकरांच्या कातडीवर हात पुरेसा बसल्यानंतर, २००६ साली या गृहस्थांची पाठ सुमारे ४० तास गोंदवून तीवर मॅडोना, तिच्या मस्तकी कवटी, भोवती गुलाब आणि तळाशी माशांवर स्वार झालेली बालके, अशी सपरिवार प्रतिष्ठापना केली. आणि २००८ साली एका जर्मन संग्राहकाने ती १,५०,००० युरोंना खरेदी केली. रकमेचे तीन हिस्से झाले: एक कलावंताचा, एक दलाली करणाऱ्या कलादालनाचा आणि उरलेला, ज्याची कातडी त्याचा.

करार असा की, गृहस्थांनी वर्षातून ठरावीक वेळा पाठ उघडी करून प्रदर्शनात बसावे, आणि त्यांच्या पश्चात कातडी काढून, चौकटीत बसवून, खरेदीदाराच्या कब्जात द्यावी. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आम्ही कूळकायद्याने मान्य केले खरे. परंतु वाहील त्याची पाठ, असा कायदा अद्याप कोठे झालेला दिसत नाही. त्यामुळे स्टायनरसाहेब स्वतःच्याच पाठीचे हयातीपुरते कूळ ठरले. टास्मानियातील होबार्टच्या मोना संग्रहालयात ते तासन्‌तास चौथऱ्यावर, प्रेक्षकांकडे पाठ करून बसत. (आमच्या कचेऱ्यांतून हीच कला विनामूल्य पाहावयास मिळते, पण तिला संग्राहक भेटत नाही.) २०२० साली साथीमुळे संग्रहालयाला कुलूप लागले, तरीही ते रिकाम्या दालनात बसतच राहिले. आणि ज्या चित्रासाठी एवढा खटाटोप, ते आरशाच्या मध्यस्थीवाचून त्यांना स्वतःला कधी दिसणारही नाही.

ईश्वरदत्त देहात फेरफार करण्याचा अधिकार माणसास आहे काय, यावर नीतिशास्त्र्यांनी आजवर पुष्कळ कंठशोष केला. येथे मात्र पेच उलटा आहे. फेरफार होऊन गेला. आता पुढचा फेरफार करण्याची मुखत्यारी कोणाची? गृहस्थ चार पावशेर अधिक लोणी खाऊन स्थूल झाले आणि मॅडोनेसही बाळसे आले, तर तो कलाकृतीचा विकास समजावा की विद्रूपीकरण? ऐन कवटीवर पुळी उठली, तर वैद्यास बोलवावे की चित्रदुरुस्तास? मणक्याची शस्त्रक्रिया निघाली, तर संमतीपत्रावर सही रुग्णाची घ्यावी की संग्राहकाची? आणि एखाद्या मित्राने कौतुकाने पाठ थोपटली, तर पहारेकऱ्याने कोणाला आवरावे?

आमच्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. गोंदणारीस सूपभर जोंधळे दिले, एवढाच काय तो दस्तऐवज. दागिने लेकीसुना वाटून घेतात, लुगडी बोहारणीकडे जातात, गोंदण तेवढे आपल्याबरोबर वर येते, असे ती मोठ्या समाधानाने सांगत असे. स्टायनरसाहेबांची गोष्ट तिला सांगितली असती, तर ती तुळशीवर पदर ओढून एवढेच विचारती, "आणि तो वर जाऊन दाखवणार काय?"