नाव लावायला आलात की हात लावायला?

२०२४ सालच्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या ओपन सोर्स प्रकल्पावर भारतातून पुल रिक्वेस्टची, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशा विनंत्यांची, लाट आली. जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्याला एक्सप्रेस माहीत नाही असं होत नाही. ते सांभाळणारे मात्र मूठभर, आणि तेही बहुतांशी स्वतःच्या फावल्या वेळात. एका भारतीय यूट्यूब वाहिनीने गिट शिकवताना नमुन्याला एक्सप्रेसचाच रेपो घेतला होता. फोर्क करा, रीडमीत एक ओळ घाला, पुल रिक्वेस्ट पाठवा. बघणाऱ्यांनी तेच केलं आणि तिथेच केलं. आपापली नावं रीडमीत घातली आणि दिली पाठवून. पुल रिक्वेस्ट आली की ती कुणाला तरी उघडावी लागते, वाचावी लागते, बंद करावी लागते. ज्यांनी त्या वेळात खरे बग दुरुस्त केले असते, त्यांनी नावं खोडली.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळत होता. तेव्हाही एका भारतीय व्हिडिओची नक्कल झाली आणि जगभरच्या प्रकल्पांच्या रीडमीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे मथळे येऊन पडू लागले. आयोजकांना पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला, तिथलंच काम धरलं जाईल. एका टी-शर्टपायी आपण भारतीय विद्यार्थ्यांची ओळख काय करून ठेवली, याचा मला राग येतो.

पण पहिला दोष मुलांना नाही. त्यांना कुणी शिकवलं? रिझ्युमेत गिटहबची लिंक हवी, प्रोफाइलवर रोजच्या कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन हवेत, ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर’ ही ओळ हवी. प्लेसमेंटच्या तयारीचे वर्ग हे सांगतात, मुलाखत घेणारे चौकोन बघतात, त्यामागचं काम उघडून कुणी वाचत नाही. श्रमदानाला जाऊन फावड्याबरोबर फोटो काढायचा आणि माती न उचलता परतायचं, अशी ही तालीम आहे. ती देणाऱ्यांनी आधी लाज बाळगावी.

स्वयंसेवी प्रकल्पात कोड मुबलक असतो. तो तपासणाऱ्या माणसाचा वेळ दुर्मीळ असतो. हा वेळ जो वाचवतो तो कॉन्ट्रिब्युटर. जो खातो तो नव्हे, मग त्याच्या चौकोनांचा रंग कितीही गडद असो.

हा वेळ संपला की काय होतं, ते एक्सझेडने दाखवलं. एक्सझेड हे फाइल आकसून लहान करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडमधला लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने आणि बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा लागला: पॅच पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. मन ठीक नाही, हे फुकट केलेलं छंदाचं काम आहे, असं त्याने उघडपणे सांगितलं, तरी तगादा थांबला नाही. ती तगादेखोर नावं बनावट होती असा आज दाट संशय आहे. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी नेमाने पॅच पाठवत होतं. दोन वर्षांहून अधिक काळ या नावाने उपयोगी काम केलं, विश्वास मिळवला, सहमेंटेनरचे अधिकार मिळवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० या आवृत्तीत बॅकडोअर, म्हणजे चोरदार, बसवलं. ते सापडलं कसं? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएचने लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही. २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं, तेव्हा ही आवृत्ती बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोहोचायची होती.

लासे कॉलिनच्या दारात त्या दोन वर्षांत चार प्रामाणिक माणसं उभी राहिली असती तर त्या घातकी माणसाला इतकी मोकळी जागा मिळाली नसती, असं माझं ठाम मत आहे. एक्सझेड वापरणाऱ्या कंपन्यांची गणती नाही, पण सांभाळणारा जवळजवळ एकटाच. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीडचं भगदाड उघडं पडलं, तेव्हाही हेच कळलं होतं. निम्म्या जगाच्या पासवर्डांची राखण करणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. दहा वर्षांत धडा घेतला नाही.

आता यात यंत्राने लिहिलेल्या कचऱ्याची भर पडली आहे. नेटवरून माहितीची ने-आण करणारं कर्ल हे साधन स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने उभं केलं. तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, कदाचित गाडीतही ते आहे. सुरक्षेतली त्रुटी दाखवणाऱ्याला तिथे बक्षीस मिळायचं. एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला भारदस्त आणि आत पोकळ असे अहवाल इतके येऊ लागले की २०२६ च्या सुरुवातीला ही बक्षीस योजना त्यांनी बंद केली. स्वतः न तपासलेली गोष्ट दुसऱ्याच्या टेबलावर टाकणं हा उद्धटपणा आहे. यंत्राने लिहिली म्हणून तो कमी होत नाही.

मग खरं काम कुठून सुरू करायचं? रोज वापरता त्या सॉफ्टवेअरपासून. जे कधी उघडलंही नाही त्याला तुम्ही काय देणार? आधी ते आपल्या मशीनवर बिल्ड करा. कागदपत्रात लिहिल्याप्रमाणे ते होत नसेल, तर कुठल्या पायरीवर अडलं ते लिहा. हे पहिलं योगदान, आणि ते फक्त नवखाच करू शकतो, कारण जुन्यांना ती पायरी आता दिसतच नाही. मग पडून असलेले इश्यू वाचा. कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी बग नोंदवलाय; तो अजून होतो का, कुठल्या आवृत्तीत होतो, कुठल्या पायऱ्यांनी होतो, हे करून बघा आणि तिथे लिहा. मेंटेनरचा अख्खा तास वाचतो. ‘सर, प्लीज असाइन धिस टू मी’ एवढंच लिहून जागा अडवू नका; एकेका सोप्या इश्यूखाली अशा ओळींची रांग असते आणि काम तसंच पडलेलं असतं. तुमचा पॅच परत आला तर सूचना वाचा, दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. नाकारला तर कारण समजून घ्या. कुणाचं नोकर नसलेलं माणूस तुमचं काम ओळ न ओळ वाचतंय. याहून चांगली शिकवणी पैसे मोजूनही मिळणार नाही.

आणि कोड येत नसेल तरी चालतं. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने २०१० मध्ये सभासदांचं मतदान घेऊन ठरवलं की भाषांतर करणारे, कागदपत्रं लिहिणारेसुद्धा प्रकल्पाचे पूर्ण सभासद होऊ शकतात. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

आपल्या मराठीसाठी तर अशा कोडबाहेरच्या कामाचाच ढीग साचलेला आहे. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरने मुद्दाम काळजी घेतली नसेल तर एक शोधला की दुसरा सापडत नाही. हिंदीत हा र लागत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेलं सॉफ्टवेअर इथे निर्धास्तपणे चुकतं. तसंच मराठी ल आणि श यांची वळणं. फाँटने ती दिली नाहीत तर मराठी मजकूर हिंदी वळणात उमटतो. बर्लिनमधल्या प्रोग्रामरला हे कळणार कसं? कळवलं पाहिजे ते आपणच. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांची मराठी रूपं आहेत, मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो. पुण्या-मुंबईतून दरवर्षी इंजिनियरांच्या फौजा बाहेर पडतात आणि या कामाला माणसं शोधावी लागतात, ही शरमेची गोष्ट आहे.

तेव्हा या रविवारी एक करा. लिबरऑफिस मराठीत चालू करा आणि तासभर त्यात खरंखुरं काम करा. मेनूतली जी पहिली ओळ चुकीची किंवा अनाकलनीय वाटेल, ती आवृत्तीचा क्रमांक आणि मेनूतली जागा लिहून कळवा, सोबत तुमचा पर्याय द्या. कुणी आधीच कळवली आहे का, तेवढं मात्र पाठवण्यापूर्वी तपासा.