पंजाच्या राज्यातली काँग्रेस

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा व ती. सौ. आई यांना,


अण्णा, परवा तुम्ही म्हणालात, "फोनवर तू हसतेस जास्त आणि सांगतेस कमी, निवडणुकीचं नीट लिहून पाठव." म्हणून हे पत्र. शुद्धलेखन तपासून परत पाठवू नका, टपाल महाग आहे.

आधी आईचा घोटाळा निस्तरते. आई, इथली काँग्रेस म्हणजे तू समजतेस ती काँग्रेस नव्हे. काँग्रेस म्हणजे इथली संसद. तू सोसायटीतल्या बायकांना "आमच्या लेकीकडे काँग्रेसच येणार" असं छातीठोक सांगून बसलीस, ते मात्र कधीच खोटं ठरणार नाही. रिपब्लिकन निवडून येवो की डेमोक्रॅट, जातो तो काँग्रेसमध्येच. पक्षांतराचीही गरज नाही.

त्यात आमच्या राज्याचा नकाशा बघितलास तर तू ऐकणारच नाहीस. मिशिगनचा मोठा भाग हुबेहूब पंजासारखा आहे. इथल्या माणसाला "घर कुठे?" विचारलं की तो उजवा तळहात आपल्यासमोर धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवतो, इथे! मला पहिल्या वर्षी वाटायचं, ऑफिसात सगळेच ज्योतिष बघतात की काय. आमचं गाव अंगठ्याच्या उंचवट्याच्या जरा खाली, मनगटाकडे. पंजाच्या वर, पाण्यापलीकडे, आणखी एक तुकडा आहे, तो मॅकिनॉच्या पुलाने खालच्या भागाला जोडलेला. तिकडे माणसं कमी आणि झाडं फार, म्हणून तो सगळा तुकडा आणि वर बोटांची टोकं मिळून एकच खासदार.

असे खासदार आमच्या वाट्याला १३. अण्णा, एके काळी १९ होते. दर १० वर्षांनी जनगणना होते आणि खालच्या सभागृहाच्या ४३५ जागा राज्यांमध्ये नव्याने वाटतात. मोटारींच्या कारखान्यांचे दिवस फिरले, माणसं दक्षिणेकडे उन्हात राहायला गेली, आणि आमच्या जागा हळूहळू गळाल्या. खासदाराची मुदत फक्त दोन वर्षं. सत्काराच्या शालींची घडी घालून होते न होते तोच पुढचा अर्ज भरायची वेळ.

मतदारसंघाच्या सीमा पूर्वी राजकारणीच आखायचे. डेट्रॉईटपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत सरपटत गेलेला एक मतदारसंघ होता, सापाने बेडूक गिळावा तसा आकार. २०१८ साली लोकांनी मतदान करून ते काम पुढाऱ्यांकडून काढून घेतलं आणि १३ साध्या नागरिकांच्या आयोगाला दिलं. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणाचेच नसलेले. आणि निवड कशी, तर अर्ज मागवून सोडत काढून! म्हाडाच्या घरासारखी. फरक इतकाच की इथे सोडतीत नाव लागलेल्यांनी नकाशा खरोखरच पूर्ण केला.

आता तुमच्या दुखऱ्या नसेवर येते. इथे निवडणूक आयोग नाही. म्हणजे आपल्यासारखा एकच, देशभर दरारा असलेला. शेषनसाहेबांचा फोटो ज्या घरात देवघराशेजारी आहे त्या घरात हे पत्र वाचलं जाणार, हे ठाऊक असूनही लिहिते. मिशिगनमध्ये निवडणूक चालवतात गावोगावचे क्लार्क, दीड हजारांहून जास्त. त्यातले टाउनशिपमधले क्लार्क स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. त्या सगळ्यांवर देखरेख करणारी राज्याची अधिकारीसुद्धा पक्षाची, निवडून आलेली. अण्णा, पाणी प्या आणि पुढे वाचा.

कारण पुढची बातमी तुमच्या नातवाची आहे. इथे १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना मतदान करता येत नाही, पण मतदान केंद्रावर काम करता येतं. चिरंजीवांनी अर्ज केला, प्रशिक्षण घेतलं आणि मंगळवारी, ५ तारखेला, पहाटे उठले. एरवी शाळेसाठी मी तीन हाका आणि एक धमकी देते. त्या दिवशी स्वतः उठून, डबा भरून दारात उभा. मला तुम्ही आठवलात. जत तालुक्यातल्या कुठल्याशा वाडीवर ड्युटी लागली की आई तुम्हाला दशम्या आणि चटणी बांधून द्यायची, तुम्ही साहित्य ताब्यात घेऊन एसटीत पेटी मांडीवर ठेवून बसायचात, आणि केंद्राध्यक्षाच्या डायरीत एक रकाना चुकला म्हणून रात्री दोनपर्यंत घरी यायचा नाहीत. पोराच्या डब्यात मी पोहे दिले. म्हटलं, परंपरा.

केंद्रावर काम करायचा जो अर्ज असतो, त्यात "तुमचा पक्ष कोणता?" असा रकाना आहे. हो, अण्णा. तुम्ही ३० वर्षं चहासुद्धा कोणत्या पक्षाच्या माणसाच्या टपरीवर घेतला हे कळू दिलं नाहीत, आणि इथे केंद्रावरच्या माणसाने पक्ष सांगायचा. मी आधी हबकलेच. मग कळलं की दोन्ही पक्षांची माणसं मुद्दाम एकाच टेबलावर बसवतात. मतदाराला मदत लागली तर दोन वेगळ्या पक्षांचे दोघे मिळून जातात. रात्री सीलबंद मतपत्रिका पोचवायला जातात तेही असेच दोघे, एकाच गाडीत. आपल्याकडे कर्मचारी निःपक्षपाती असेल असा भरवसा धरतात. इथे तो तसा नसणारच असं गृहीत धरून त्याच्या शेजारी दुसरा तसाच आणून बसवतात. म्हणजे थोडक्यात सासू आणि सून एकाच स्वयंपाकघरात. मीठ कमी-जास्त होतं, पण विष कोणी घालू शकत नाही.

नातवाचं काम दिवसभर कागदी पुठ्ठ्याचे लखोटे वाटायचं. मतपत्रिका दुसऱ्याला दिसू नये म्हणून ती त्यात घालून यंत्रापर्यंत न्यायची असते. सकाळी ७ ते रात्री ८. घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "आजोबा हे काम दोन दिवस कसं करायचे? तेही बिनपिझ्झ्याचं?"

माझं मत मी त्याआधीच देऊन आले होते. २०२२ साली लोकांनीच मंजूर केल्यामुळे इथे आता निवडणुकीआधी किमान नऊ दिवस केंद्रावर जाऊन मत देता येतं. त्याचा शेवटचा रविवार नेमका भाऊबीजेचा. दादाला व्हिडिओवर ओवाळलं, करंजी स्वतःच खाल्ली आणि निघाले. ओळखपत्र दाखवलं. ते नसेल तर लेखी शपथपत्रावर सही केली तरी मत देता येतं. (पुन्हा पाणी प्या.) बोटाला शाई नाही. बटण नाही, 'टूं' नाही. हातात मतपत्रिका आली ती परीक्षेच्या पेपराएवढी, पाठपोट, आणि पेनाने खुणा करायच्या.

वर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, खासदार, इथवर ठीक. खाली उतरत गेले तर शिक्षण मंडळ, विद्यापीठांचे विश्वस्त, न्यायाधीश, आणि जिल्ह्याच्या ओढ्यानाल्यांचं पाणी बघणारा अधिकारी! या पदाला शेजारच्या काही जिल्ह्यांत अजून सरळ गटार आयुक्तच म्हणतात. अण्णा, आपल्या गल्लीतलं गटार १९९३ पासून तुंबलेलं आहे. त्याच्यासाठी कोणी मतं मागायला दारात आला असता तर तुम्ही त्याला किती तास बसवून घेतलं असतंत?

ऑगस्टच्या ६ तारखेला पक्षांचे उमेदवार ठरवायची प्राथमिक फेरी झाली, तेव्हा तुमच्या जावयांनी घराण्याची अब्रू घालवली. त्या फेरीत एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे उमेदवार असतात, दोन रकान्यांत. कोणत्याही एकाच पक्षाच्या रकान्यात मत द्यायचं. कोणता, ते कोणी विचारत नाही. हे म्हणाले, "मी माणूस बघून मत देतो," आणि दोन्ही रकान्यांतली चांगली माणसं निवडून मोकळे झाले. यंत्राने कागद बाहेर फेकला. लग्नात मुलाकडच्या आणि मुलीकडच्या, दोन्ही पंगतींत जेवायची सवय, दुसरं काय. तिथल्या आजीबाईंनी नवी मतपत्रिका दिली आणि हळूच म्हणाल्या, "दर वेळी कोणीतरी असतंच."

आई, घराणेशाही फक्त आपल्याकडे असते असं तू म्हणतेस ना, मग हे ऐक. आमच्या खासदार डेबी डिंगेल. त्यांच्या आधी त्यांचे यजमान जॉन डिंगेल, तब्बल ५९ वर्षं. काँग्रेसच्या इतिहासात एवढं कोणीच बसलेलं नाही. त्यांच्या आधी त्यांचे वडील, १९३३ पासून. सासरे, नवरा, सून. मतदारसंघाचे नंबर बदलले, नकाशे बदलले, आडनाव तेच. नव्या नकाशात जुनं घर बाजूला पडलं तेव्हा बाईंनी बिऱ्हाडच हलवलं आणि आमच्या गावात राहायला आल्या. यंदाही सहज निवडून आल्या.

आणि फ्लिंट गावाकडे काका-पुतणे! डेल किल्डी १९७७ पासून खासदार, त्यांच्यानंतर २०१३ पासून पुतणे डॅन किल्डी. काकांनी जागा सोडली, पुतण्याने घेतली, आणि झालं. पक्ष फुटला नाही, चिन्हासाठी कोर्टात कोणी गेलं नाही, पहाटे कोणी शपथ घेतली नाही. मी हे ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "मग त्यात काका-पुतण्याचं काय राहिलं?" यंदा पुतणेही थांबले. ती जागा डेमोक्रॅटांनी राखली, पण घराबाहेर गेली.

सिनेटची लढत खरी चुरशीची. एकीकडे रिपब्लिकन माइक रॉजर्स, पूर्वी एफबीआयमध्ये. दुसरीकडे डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन, पूर्वी सीआयएमध्ये. आपल्याकडे उमेदवार साखर कारखान्याचा चेअरमन नाही तर दूध संघाचा. इथे दोघंही गुप्तचर खात्यातले. टीव्हीवर दोघं एकमेकांची गुपितं अशी काही फोडत होते की ऑक्टोबरभर मला कणीक मळतानासुद्धा कोणीतरी बघतंय असं वाटायचं. पत्रपेटीत रोज गुळगुळीत जाड कागदाची पत्रकं. मी चकल्यांच्या डब्यांत घालून संपवली. तेल टिपत नाही तो कागद. पेपर बरा.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. ५५ लाखांवर मतं पडली आणि स्लॉटकिनबाई जवळपास १९ हजारांनी जेमतेम जिंकल्या. त्याच राज्यात, त्याच मतपत्रिकेवर, त्यांच्याच वरच्या ओळीत ट्रम्प सुमारे ८० हजारांनी जिंकले. म्हणजे वरच्या ओळीत हा पक्ष आणि खाली तो, अशा खुणा करणारे हजारो लोक आहेत. माझ्या घरातला एक मला माहीत आहे. स्लॉटकिनबाईंनी सोडलेली खासदारकी मात्र रिपब्लिकनांकडे गेली. त्यामुळे आधी सात डेमोक्रॅट आणि सहा रिपब्लिकन होते, ते आता बरोबर उलटं झालं.

आई, श्री ठाणेदार पुन्हा निवडून आले. आपल्या बेळगावचे. पण मी त्यांना मत दिलेलं नाही, तू भिशीत काहीही सांगत असलीस तरी. ते डेट्रॉईटमधून उभे राहतात, आमचा मतदारसंघ वेगळा. 'ही श्रींची इच्छा' तू मला दोनदा पाठवलंस, दोन्ही प्रती आहेत. त्यांच्यामुळे इथे एक वादही झाला. डेट्रॉईट हे कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं शहर, १९५५ पासून त्यांच्यातलं कोणी ना कोणी काँग्रेसमध्ये होतं, ती परंपरा २०२३ मध्ये तुटली. लोकांना ते लागलं, आणि का लागलं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. बेळगावच्या माणसाला तर नकोच. बेळगाव मुंबईत यायचं राहिलं, पण वॉशिंग्टनला जाऊन बसलं, असं हे म्हणतात. शेजारच्या कन्नड काकूंसमोर मी त्यांना तसं म्हणू देत नाही.

तुमचं मतदान २० तारखेला. अण्णा, गुडघा दुखत असला तरी रिक्षाने जा, आणि केंद्रावरच्या पोरांना त्यांच्या चुका दाखवत बसू नका. लाडक्या बहिणीचे पैसे मावशीला आले का, ते कळवा. ती कोणाला मत देणार हे कळवू नका, ती मला रोज वेगळं नाव सांगते. माझं नाव आपल्या यादीतून गेलं, त्याला आता सहा वर्षं झाली. दर निवडणुकीला त्या दिवशी मी डाव्या तर्जनीकडे बघते.

इथे शाईऐवजी 'मी मत दिलं' असं स्टिकर देतात. राज्याने यंदा त्याच्या नक्षीची स्पर्धा घेतली आणि निवडलेल्या नक्षींपैकी सगळ्यांत गाजली ती १२ वर्षांच्या एका मुलीची: मागे अमेरिकेचा झेंडा आणि पुढे अंगातला शर्ट टराटरा फाडणारा लांडगा-माणूस. का, ते विचारू नका. लोकांना त्याच्यासाठी केंद्रावर हट्ट करताना मी पाहिलं आहे. नातवाने आजोबांसाठी एक मागून घेतलं, ते सोबत पाठवते आहे. शेषनसाहेबांच्या फोटोवर चिकटवू नका. आणि आईने विचारलं की हा कोणत्या पक्षाचा, तर तिला म्हणावं, अपक्ष आहे.

तुमची
बेबी

ता. क. : नातवाला पहिल्या दिवसाचा भत्ता मिळायचा आहे. त्यातून तो तुम्हाला काय घेऊ म्हणून विचारतो आहे. मी लाखेची कांडी सुचवली, ती इथे कुठे मिळते ते शोधतोय.