तिसरा टाइट एंड

ऑगस्ट उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दोन विषय निघतात. गणपतीला हॉल कुठला घ्यायचा, आणि जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघानं सहावा वाइड रिसीव्हर म्हणून कुणाला ठेवायचं. पहिल्यासाठी समिती आहे. दुसरं खातं नाना एकटे सांभाळतात.

असा एक नाना तुमच्याही ओळखीत असणार, म्हणून वर्णन करत बसत नाही. संघाचा क्वार्टरबॅक कोण, कोच टिकणार की जाणार, यातल्या कशानंही या जातीच्या माणसाची झोप उडत नाही. त्याचा जीव अडकलेला असतो कुठल्याशा आडगावच्या कॉलेजातून आलेल्या पोरात. पाठीवर 82 नाहीतर 87 आकडा, आणि नाव असं की टीव्हीवरचा समालोचकही अडखळतो. नाना अडखळत नाहीत. उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागलेला वेळ आणि पोराचं आजोळ, सगळं त्यांना पाठ.

कॅम्पला 90 जण येतात आणि ऑगस्टच्या शेवटी 53 उरतात. असे 32 संघ. म्हणजे एका मंगळवारी दुपारी चार वाजेपर्यंत अमेरिकेत अकराशेच्या आसपास धट्टीकट्टी पोरं घरी पाठवली जातात. त्यातल्या काहींना दुसऱ्या दिवशी सराव-पथकात परत बोलावतात, बाकीचे विम्याच्या नाहीतर गाड्या विकण्याच्या धंद्याला लागतात. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी नानांना तो स्वतःच्या घरावर पडलेला घाला वाटतो.

मग नाना कागदी नॅपकिन घेतात. डोहाळजेवण असो, सत्यनारायण असो, शिऱ्याचा द्रोण बाजूला सरकतो आणि पेन निघतं. क्वार्टरबॅक दोन. रनिंग बॅक चार. फुलबॅक एक. टाइट एंड तीन. पुढच्या फळीतले आडदांड नऊ. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर मिळून तीन. मग बचाव फळीचे सव्वीस. रिसीव्हर अर्थातच सहा. हे लिहून होईपर्यंत आपला शिरा थंड झालेला असतो. शेवटी बेरीज मांडली की आकडा येतो 54. कुठल्याही वर्षी, कुठल्याही नॅपकिनवर 54च. एक माणूस जास्त. नाना पेनाचं टोक हळूहळू वर नेतात, एका जागी थांबवतात आणि तिथं गोल करतात.

"मला सांग, तिसरा टाइट एंड कशाला लागतो?"

टाइट एंड म्हणजे धिप्पाड गडी. अर्धा वेळ समोरच्याला ढकलायचं आणि उरलेल्या वेळात जमलंच तर चेंडू झेलायचा. एक हवाच, हे नानांनाही मान्य. पहिला लंगडला तर दुसरा हवा, हेही एक वेळ मान्य. पण तिसरा? तिसरा टाइट एंड हा नानांच्या मते कोचच्या मेव्हण्यांसाठी राखून ठेवलेला कोटा आहे. एका हुशार पोराची जागा अडवून तो बाकावर बसून केळी खातो, असं ते ठामपणे सांगतात. त्यांना केळं कसं दिसलं, हे विचारायची सोय नाही.

पुढे पुढे हा तिसरा टाइट एंड मैदान सोडून बाहेर पडला. पंगतीत काकडीची कोशिंबीर झाली, बीटाची झाली, मग गाजराची आली तेव्हा नानांनी पानावर आडवा हात धरून म्हटलं, "हा तिसरा टाइट एंड." गणपतीच्या कार्यक्रमात दोन निवेदक बोलून गेले आणि आभार मानायला तिसरे गृहस्थ माइकजवळ आले, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून तेच शब्द आले, आणि ते गृहस्थ समितीचे अध्यक्ष होते. भारतात जाताना वहिनींनी तिसरी बॅग भरली तर नाना बॅगेकडे बघून नुसतं "टाइट एंड" म्हणाले. त्या दिवशी विमान कंपनीचंही मत नानांसारखंच पडलं आणि वहिनींनी ती बॅग विमानतळावर उघडून नानांचे स्वेटर बाहेर काढले.

विरोध करून उपयोग नसतो, कारण नानांकडे व्हिक्टर क्रूझ आहे. क्रूझ शेजारच्याच पॅटरसनचा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला, आणि तेव्हा तो संघ दुय्यम गटात होता. 2010च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या झाल्या, 255 पोरं घेतली गेली, त्यात हा नव्हता. ऑगस्टमध्ये नव्या स्टेडियमवरच्या पहिल्याच सराव-सामन्यात त्यानं जेट्सविरुद्ध तीन टचडाउन केले. पुढच्या मोसमात 1,536 यार्ड. 24 डिसेंबर 2011 रोजी त्याच जेट्सविरुद्ध 99 यार्डांचा एक टचडाउन, आणि फेब्रुवारीत सुपर बोल. टचडाउन झाला की तो आजीसाठी साल्सा नाचायचा. हे सांगताना नाना उभे राहतात आणि नको म्हटलं तरी कंबर हलवून दाखवतात. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय हे वहिनींनाच आठवावं लागतं.

शेजारी एक निवृत्त अग्निशामक राहतो. जुनं स्टेडियम होतं तेव्हापासून त्याच्या घरात जायंट्सची सीझन तिकिटं आहेत. तो कुंपणावर कोपर ठेवून शांतपणे समजावतो, की सहावा रिसीव्हर झेल घ्यायला नसतोच. त्यानं पंटमागे जीव खाऊन पळायचं आणि चेंडू घेणाऱ्याला आडवं करायचं. तुझ्या पोराला आडवं करता येतं का?

"शिकेल की," नाना म्हणतात. "क्रूझला कुठं येत होतं?"

"2010मध्ये क्रूझनं मोसमात एकही झेल घेतला नाही. तीन सामने खेळला आणि मांडी धरून बसला."

"तेच तर सांगतोय! तरी ठेवला ना संघात?"

अग्निशामकानं आयुष्यभर आगी विझवल्यात, पण इथं तो हात टेकून गवत कापायला जातो. खरा सामना असतो तो जावयाशी. जावई फिलाडेल्फियाचा, म्हणजे ईगल्सवाला. लग्न ठरताना पत्रिका नीट बघितली नाही, अशी नानांची वहिनींविरुद्ध कायमची तक्रार. 2024 साली जायंट्सनी सतरापैकी तीन सामने जिंकले आणि त्याच मोसमात ईगल्स सुपर बोल घेऊन गेले. तेव्हा जावयानं अत्यंत आदरानं विचारलं, "बाबा, जो संघ तीनच सामने जिंकतो, त्याचा त्रेपन्नावा गडी कोण यानं काय फरक पडतो?" नाना म्हणाले, "तीन टाइट एंड, तीन विजय. हिशेब तुमच्यासमोर आहे."

2025मध्ये काटछाटीचा दिवस 26 ऑगस्टला आला. त्याच दिवशी हरितालिका, दुसऱ्या दिवशी गणपती. वहिनींचा निर्जळी उपास होता. नानांनीही सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं, पण त्यांचं व्रत दुपारी चारला सुटणार होतं. आम्ही मखर लावत होतो. नाना एका हातानं थर्मोकोलचा खांब धरून दुसऱ्या हातानं फोन बघत होते. चार वाजले, यादी आली. त्या वर्षीच्या पोराचं नाव नव्हतं. नानांनी यादी खालून वर वाचली, मग वरून खाली, आणि मधेच थांबून मोठ्यानं मोजू लागले. टाइट एंड एक. दोन. तीन.

"चार," नाना म्हणाले आणि त्यांनी खांब सोडला. मखर कोसळलं. उपाशी वहिनींनी फक्त एकदा बघितलं.

आता दुसरी बाजू, जी नानांना आवडणार नाही. नाना एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत आणि माणसं निवडणं त्यांच्याकडे आहे. नांदेडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेला, इथं एमएस करून नोकरी शोधणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा होता. त्याचा बायोडेटा मी नानांना दिला. चांगला होता मुलगा, काम दाखवण्यासारखं होतं. नानांनी चष्मा वर केला, कागदाच्या वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हे कॉलेज आहे कुठं?" मी सांगितलं. "आयआयटीवाल्यांचीच एवढी रांग आहे रे," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली. मी म्हटलं, नाना, मॅसॅच्युसेट्सच्या दुय्यम गटातून आलेला तो एक पॅटरसनचा पोरगा होता ना? नाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "तो खेळ वेगळा," ते म्हणाले, आणि घडी केलेल्या कागदाच्या पाठीवर त्यांनी पेन उघडलं. क्वार्टरबॅक दोन. रनिंग बॅक चार.

त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याकडे गेलो नाही. वहिनींच्या आग्रहानं एकदा सराव-सामन्याला गेलो, कारण त्यांना स्वतःला जायचं नव्हतं. मध्यंतरालाच मोठे खेळाडू टोप्या घालून बाकावर बसले आणि ईस्ट रदरफर्डचं ते अवाढव्य स्टेडियम भराभर रिकामं व्हायला लागलं. पार्किंगमधली गर्दी टाळण्यासाठी लोक धावत होते. नाना मात्र आत्ता कुठे नीट बसले. चौथ्या क्वार्टरला मैदानात असलेली पोरं पुढच्या मंगळवारी घरी जाणार, हे तिथं उरलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, पोरांनाही. एकाच्या हातून चेंडू निसटला. मागून कुणीतरी हुर्यो केली. नाना उभे राहिले आणि त्या पोराचं नाव घेऊन ओरडले, "पुढचा घे!" नाव अगदी बरोबर उच्चारलं. पोरानं वर पाहिलं. बहुधा त्याची आई आलीय का हे तो शोधत असावा. दिसले नाना, जायंट्सच्या टोपीत आणि वहिनींच्या शालीत.

परतताना गाडीत नानांनी गेल्या कित्येक वर्षांतली नावं सांगितली. कोण सराव-पथकातून डेट्रॉइटला गेला, कोण आता शाळेत कोच आहे, कुणाचा फोटो मुलीबरोबर बघितला. यातल्या कुणाचंही नाव जायंट्सच्या ऑफिसातसुद्धा आता कुणाला आठवत नसेल. माणूस वाईट नाही. एवढं मी म्हणतो, याहून जास्त म्हणायला लावू नका.

गेल्या विसर्जनाच्या रात्री जावयानं मात्र वर्मी घाव घातला. "बाबा, जेक बॅलर्ड आठवतो?"

नाना प्रसादाची वाटी घेऊन गप्प बसले.

"क्रूझबरोबरच 2010मध्ये आला. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. नोव्हेंबर 2011, फॉक्सबरो, पंधरा सेकंद उरलेले, विजयाचा टचडाउन कुणी झेलला? बॅलर्डनं. टाइट एंड होता बाबा तो."

मला वाटलं नाना उसळणार. ते खाली बघून बोलू लागले. "त्याच मोसमात सुपर बोलमध्ये गुडघा गेला त्याचा. बाहेरच्या रेषेवर पळून बघत होता, जमतंय का म्हणून. कोसळला. जिंकून दिलं आपल्याला, आणि जूनमध्ये आपल्याच लोकांनी त्याला यादीतून काढला. वाटलं, मोडक्या गुडघ्याला कोण हात लावतंय, नंतर गुपचूप परत घेऊ. उचलला पॅट्रिअट्सनी." वाटी तशीच हातात होती. "असं करतात का?"

जावई जरा ओशाळला. हळूच म्हणाला, "म्हणजे टाइट एंड ठेवायचा ना, बाबा?"

"ठेवायचा. तिसरासुद्धा ठेवायचा." नानांनी वाटी खाली ठेवली आणि नॅपकिन ओढला. "पण मला एक सांगा, जावईबापू. हा फुलबॅक कशाला लागतो?"