काटा शून्यावर, गाडी कागलजवळ

मोटारीच्या इंधनदर्शकावरील काटा शून्याच्या रेघेला टेकल्यानंतर टाकीत नेमके किती इंधन उरते, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा दिसत असला, तरी कोल्हापुरात त्याचा अभ्यास स्वभावशास्त्र आणि करप्रणाली यांचा आधार घेतल्याखेरीज पुरा होत नाही. यंत्रशास्त्राचा भाग थोडक्यात सांगता येतो. टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला बसवलेला फ्लोट, म्हणजे तरंगता फुगा, इंधनाच्या पातळीबरोबर वरखाली होतो. दांडीच्या मुळाशी असलेल्या रोधकावर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला कमीअधिक अडथळा करणाऱ्या पट्टीवर, त्यामुळे एक संपर्कबिंदू सरकतो आणि डॅशबोर्डावरील काटा त्यानुसार हलतो. फुगा तळाला टेकण्यापूर्वीच काटा शून्यावर यावा, अशी तजवीज निर्मात्याने बुद्धिपुरस्सर केलेली असते, कारण खऱ्या शून्याला शून्य दाखवले तर ग्राहक भररस्त्यात अडकेल आणि दोष स्वतःला न देता कारखान्याला देईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. पंपाचे चित्र असलेला पिवळा दिवा तर त्याहूनही आधी लागतो. त्या वेळी बहुधा टाकीच्या दहा ते पंधरा टक्के इंधन शिल्लक असते; ३५ लिटरच्या टाकीत ते चार-पाच लिटर भरते आणि लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी त्यावर साठ ते ऐंशी किलोमीटर जाते.

अडचण एवढीच की हे गुपित चालकाला कळलेले असते. निर्मात्याचा चालकावर विश्वास नसल्याने काटा लवकर शून्यावर येतो, चालकाचा काट्यावर विश्वास नसल्याने गाडी शून्याच्या पुढे जाते, आणि या दुहेरी अविश्वासाच्या बळावर महाराष्ट्रातील बरीचशी वाहतूक सुरळीत चाललेली असते. ‘जातंय की’ हा या विषयावरील कोल्हापुरी सिद्धान्त असून त्याला उपपत्तीची गरज आजवर कोणालाही भासलेली नाही.

या सिद्धान्ताचे प्राथमिक शिक्षण दुचाकीने दिले. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलच्या कॉकला ‘रिझर्व्ह’ नावाची एक खूण असे. राखीव पेट्रोलासाठी वेगळी टाकी असते, असा अनेकांचा समज होता. वस्तुतः एकाच टाकीत दोन तोंडे असत, एक उंचावर आणि एक तळाशी, आणि वरच्या तोंडाला पेट्रोल मिळेनासे झाले की चालत्या गाडीवरच गुडघ्याजवळ हात घालून कॉक फिरवायचा असे. गाडी रिझर्व्हला लागली, तरी पंप गाठण्याची घाई करणे कमीपणाचे मानले जाई. रिझर्व्हही संपले की स्कूटर एका अंगावर कलती केली जाई, मग टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात दडलेले पेट्रोल कॉककडे येई आणि स्कूटर आणखी दोन चौक ओलांडी. संपल्यानंतरही काही उरते, हे ज्या पिढीने स्वतःच्या हातांनी पडताळले, तिला पिवळ्या दिव्याने भिववणे अवघड होते. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ ही वाहनप्रदूषणाची मानके लागू झाल्यावर कार्ब्युरेटरबरोबर हा कॉकही नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. स्वभाव मात्र कोणत्याही मानकाच्या कक्षेत येत नसल्याने तो तसाच राहिला.

आता करप्रणालीकडे वळता येईल. कोल्हापूरहून महामार्गाने कागल ओलांडल्यावर लगेच कोगनोळी, म्हणजे कर्नाटक, आणि तेथील पेट्रोल बराच काळ महाराष्ट्रापेक्षा स्वस्त राहिलेले आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पाच रुपयांनी घटवल्यावर कर्नाटकाने त्यावर स्वतःची सात रुपयांची कपात चढवली, तर महाराष्ट्राने पाच रुपये कमी केले ते जुलै २०२२मध्ये. मधल्या काळात दरांतील तफावत लिटरमागे नऊ रुपयांच्या आसपास गेली. अशा वेळी टाकी जितकी रिकामी तितकी स्वस्तातली खरेदी मोठी, हे उघड असल्याने, काटा शून्यावर आणूनच सीमेकडे निघणे हा निष्काळजीपणा न ठरता अर्थनीती ठरते. त्या वेळच्या दराने हिशेब करून पाहिल्यास तीस लिटरांवर २७० रुपये वाचत. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटरांना तीन लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल, म्हणजे सुमारे ३१० रुपये लागत. वाटेतील मिसळ या हिशेबात धरलेली नाही. बेळगावला कामासाठी जाणाऱ्याचा फायदा खरा असतो. निव्वळ पेट्रोलसाठी जाणारा मात्र तोट्यात येऊनही जिंकल्याच्या मुद्रेने परततो. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, टँकर अडकले आणि शहरातील पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा या अर्थनीतीतील एक गृहीतक उघडे पडले, ते म्हणजे रस्ता असणे.

नव्या मोटारी काट्याशेजारी उरलेले किलोमीटरही दाखवतात. हा आकडा नुकत्याच झालेल्या प्रवासातील सरासरीवरून काढलेला असल्याने गगनबावड्याकडून करूळ घाट उतरताना तो कमी होण्याऐवजी वाढू शकतो, आणि पन्हाळा चढताना झपाट्याने खाली येतो, शिवाय चढावर टाकीतील पेट्रोल एका बाजूला सरकल्याने फुगाही भलतेच सांगू लागतो. इंधन फारच कमी झाले की अनेक गाड्या आकडा पुसून तेथे नुसत्या आडव्या रेघा दाखवतात. संगणकाने जबाबदारी झटकण्याची ही पद्धत सरकारी कचेरीतही खपून जाईल. अशा वेळी थांबणे बरे, कारण इंजेक्शनच्या गाडीतील पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. तळाचा गाळ फक्त शेवटी ओढला जातो, ही भीती मात्र फारशी खरी नाही, कारण टाकी भरलेली असतानाही पेट्रोल तळातूनच ओढले जाते. डिझेलचे प्रकरण अधिक कडक आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचे डिझेल पूर्ण संपले तर नळ्यांत हवा शिरते, गाडी ‘एअर धरते’, आणि नुसते डिझेल ओतून भागत नाही. हातपंप मारून ती हवा काढावी लागते, तोवर मागे लागलेल्या वाहनांकडून चालकाच्या घराण्याचा उद्धार चालू राहतो.

शून्याखाली पुष्कळ उरते, हे मुकाट्याने स्वीकारणारा हाच चालक टाकीच्या वरच्या टोकाला मात्र विलक्षण संशयी होतो. ३५ लिटरच्या टाकीत ३७ लिटर भरल्याचे पंपाने दाखवले की तो यंत्रात फेरफार असल्याचा आरोप करतो. पुस्तिकेतील क्षमता इंधनाच्या वाफेसाठी वर जागा सोडून सांगितलेली असते आणि गळ्यापर्यंत भरल्यास टाकी त्याहून अधिक घेते, हे स्पष्टीकरण त्याला पटत नाही. मग पाच लिटरचे प्रमाणित माप बाहेर काढले जाते, ज्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याला चालतो. पेट्रोल त्यात रेघेवर बरोबर बसते, आरोप पंपावरून कारखान्यावर सरकतो, आणि या सगळ्याच्या मागे रांगेत अडकलेल्या गाड्यांची इंजिने एसीसाठी चालूच असतात.