रजिस्ट्रीतली जळमटं

काही माणसांना दिसणाऱ्या कचऱ्यापेक्षा न दिसणाऱ्या कचऱ्याचा जाच अधिक होतो. डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नक्की’ अशा फाइलींचा बाजार भरलेला त्यांना चालतो. पण विंडोजच्या रजिस्ट्रीत घाण साठली आहे असं कुणी कानात सांगितलं, की घास गोड लागत नाही. ही रजिस्ट्री असते कुठे, दिसते कशी, हे त्यांना विचारू नये. ती आत कुठेतरी असते आणि वरचेवर तुंबते, एवढ्या ज्ञानावर माणूस निर्धास्तपणे काळजी करू शकतो.

आमच्या इमारतीतले एक काका या पंथातले. आयुष्य बँकेत हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे चूक सापडली नाही तर तपासणी नीट झाली नाही अशी त्यांची धारणा. मध्यंतरी त्यांनी जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली. दुकानातला मुलगा म्हणाला होता, “काका, आता मशीन पळेल बघा.” ते खरंच पळू लागलं, आणि काकांची पंचाईत झाली. पूर्वी लॅपटॉप चालू करून ते चहा टाकत आणि दोन्ही एकदमच तयार होत. आता चहाला वेगळा वेळ काढावा लागतो. त्यात कुणीतरी नवा किडा सोडून दिला. लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं.

“अरे, रजिस्ट्री क्लीनर चालवला की एसएसडी झिजते म्हणे. खरं का?”

एसएसडी झिजते, यात खोटं काही नाही. तिच्यात फिरणारी तबकडी नसते. सिलिकॉनमधल्या बारीक कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती ठेवलेली असते. कप्पा पुसून पुन्हा भरायचा तर त्याला दर वेळी थोडा मार बसतो, आणि असे फेरे मोजकेच झेपतात. म्हणूनच एसएसडीतला नियंत्रक लिखाण एकाच जागी न करता सगळ्या कप्प्यांत फिरवत राहतो. एसएसडी नवी होती तेव्हा लोकांनी या झिजेची इतकी धास्ती घेतली होती, की हायबरनेशन बंद कर, पेजफाइल दुसरीकडे हलव, असे उपासतापास घरोघर चालू होते. पण आकडे पाहिले तर धीर येतो. २०१८ साली आलेल्या सॅमसंगच्या ८६० इव्हो या अगदी साध्या एसएसडीचं उदाहरण घ्या. तिच्या २५० जीबीच्या नगाला कंपनीनं १५० टेराबाइट लिखाणाची हमी दिली होती. आता समजा, एखाद्या साफसफाईत शंभर मेगाबाइटची अख्खी रजिस्ट्री नव्यानं लिहिली गेली. मुळात तेवढं काही होत नाही, पण काकांच्या समाधानासाठी धरून चालू. ती हमी संपवायला अशा पंधरा लाख सफाया लागतील. रोज न चुकता एक केली तरी चार हजार वर्षं. काकांची चिकाटी मी जाणतो, पण तरीही.

शिवाय खुद्द विंडोज दिवसभर रजिस्ट्रीत काही ना काही खरडत असतंच. तुम्ही खिडकी कुठे सरकवली, कोणती फाइल शेवटची उघडली, सगळं तिथे टिपलं जातं. क्लीनरचं लिखाण या खरडपट्टीत कुठेच दिसून येणार नाही.

“म्हणजे चालवायला हरकत नाही!” काका म्हणाले, आणि चौथा मजला आला. खरा घोळ इथेच आहे. एसएसडीला काही होत नाही, हे उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी आहे. कारण क्लीनरनं जे बिघडायचं ते एसएसडीचं नसतंच, विंडोजचं असतं.

१९९२ साली विंडोज ३.१ बरोबर रजिस्ट्री आली, तेव्हा ती अगदी लहान होती. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामनं उघडायची, एवढंच तिच्याकडे काम. बाकीचा कारभार आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत विखुरलेला असे. विंडोज ९५ पासून तो सगळा एका छपराखाली आला. हार्डवेअर, ड्रायव्हर, फॉन्ट, वापरणाऱ्यांची खाती, प्रत्येक प्रोग्रामच्या आवडीनिवडी, सारं काही. प्रोग्राम येतात, नोंदी करतात, आणि काढून टाकले तरी जाताना काही नोंदी मागे ठेवतात. हाच तो सुप्रसिद्ध कचरा.

पण या कचऱ्यानं संगणक मंदावतो का? सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव राहून गेलं म्हणून शेतात ज्वारी कमी पिकत नाही. विंडोजला एखादी नोंद हवी असली की ते झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेतून नेमक्या त्या नोंदीपाशी जातं. रोज सकाळी पहिल्या पानापासून पारायण करत नाही. शंभर मेलेल्या नोंदी शेजारी पडून असल्या तरी कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्या काढल्यानं जागा मिळते म्हणावं, तर तीही काही किलोबाइट. फोनवर काढलेल्या एका फोटोत अशा कित्येक सफाया बुडून जातील. आणि नोंद खोडली म्हणून रजिस्ट्रीची फाइल लगेच आक्रसतेच असंही नाही. मोकळी झालेली जागा बहुधा आतल्या आतच पडून राहते.

जुन्या हार्ड डिस्कच्या काळात निदान बोलायला एक सबब होती. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी, तिच्यावर इकडून तिकडे धावणारं टोक, आणि दर उडीला साधारण दहा मिलिसेकंद. फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरली तर उड्या वाढायच्या, म्हणून रजिस्ट्री आवळून सलग करणारी अवजारं निघाली होती. एसएसडीत टोकही नाही आणि उडीही नाही. कुठलाही कप्पा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हाती येतो. म्हणजे ज्या आजारावर हे औषध होतं, असं मानायचं, तो आजारच एसएसडीबरोबर गेला. औषधाची बाटली तेवढी उरली.

काकांनी ती उघडलीच. पहिल्याच तपासणीत लाल अक्षरांत सातशेच्या वर दोष निघाले. सेवेत असताना एवढे दोष एका दिवसात सापडले असते तर बढती मिळाली असती, असे ते खुशीत होते. ‘सगळे दुरुस्त करा’ हे बटण दाबलं. दोन दिवसांनी त्यांचं पत्रिका काढायचं सॉफ्टवेअर उघडेना. ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर बसवलेलं होतं आणि सफाईच्या वेळी ती डिस्क कपाटात होती. क्लीनरला रजिस्ट्रीत एक पत्ता दिसला, त्या पत्त्यावर दार ठोठावलं, आतून कुणी ओ दिली नाही, म्हणून त्यानं घरमालकाला मृत घोषित केलं. या सॉफ्टवेअरांचं बरंचसं शहाणपण असल्याच अंदाजांवर चालतं. काकांनी मात्र दोष शनीच्या वक्री होण्याला दिला. पण ती चाल तपासायला पत्रिकाच उघडत नव्हती.

मायक्रोसॉफ्टनंही एकेकाळी रेगक्लीन नावाचं स्वतःचं अवजार फुकट वाटलं होतं. पुढे ते मागे घेतलं, आणि आता त्यांची भूमिका अशी, की रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना आमचा पाठिंबा नाही. त्यानं बिघडलेलं दुरुस्त होईलच याची हमी देता येत नाही. या भीतीवर धंदा करणारेही होतेच. २००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं ‘रजिस्ट्री क्लीनर एक्सपी’ विकणाऱ्यांवर दावा लावला, तो पडद्यावर ‘रजिस्ट्री खराब झाली आहे’ अशा धोक्याच्या सूचना झळकवून चाळीस डॉलरला औषध गळ्यात मारल्याबद्दल. बरं, नावाजलेलं घ्यावं तर तेही बिनघोर नाही. सीक्लीनर हे या जातीतलं सर्वांत लोकप्रिय नाव. २०१७ साली हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला आणि तो सुमारे तेवीस लाख संगणकांपर्यंत पोचला. कचरा न्यायला आलेल्या गाडीतून चोर उतरावा, तसलाच प्रकार.

यात आणखी एक गोम आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. विंडोज पूर्वी रजिस्ट्रीची एक प्रत गुपचूप रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून, जागा वाचवायची म्हणून, हे आपोआप प्रत काढणं बंद झालं. फोल्डर आहे, फाइलींची नावं आहेत, आणि आकार शून्य बाइट. त्यामुळे ज्याला सफाईची हौस आवरतच नाही, त्यानं आधी सिस्टम रीस्टोअर चालू आहे का ते पाहावं, रीस्टोअर पॉइंट करून घ्यावा, आणि क्लीनर ‘बॅकअप घेऊ का?’ म्हणून विचारतो तेव्हा ‘नको’ म्हणू नये.

काकांनी ‘नको’ म्हटलं होतं. कचऱ्याचा बॅकअप कशाला घ्यायचा, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तर्काच्या अंगानं तो बिनतोड होता. शेवटी ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागलं.

संगणक खरंच हळू झाला असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जाऊन चालू होतानाच अंगावर येणारे प्रोग्राम बंद करावेत. नको ती ॲप्स सेटिंग्जमधून रीतसर काढावीत. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नये, कारण भरत आली की तिला लिहायला मोकळे कप्पे शोधत बसावं लागतं. डाउनलोड्स उघडून तिथली तीन-तीन प्रतींतली वीजबिलं, लग्नपत्रिका आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेच्या सूचना यांना निरोप द्यावा. एवढं करूनही हात शिवशिवत असतील तर लॅपटॉप बंद करून कीबोर्ड उपडा धरावा आणि हलकेच झटकावा. त्यातून शेव निघते, बिस्किटाचा चुरा निघतो, आणि काकांच्या कीबोर्डमधून तर ‘ट’च्या खाली अडकलेला अख्खा शेंगदाणा निघाला. रजिस्ट्रीतल्या सातशे दोषांपैकी एकाचंही असं वजन करता आलं नव्हतं.